यझिदींचे देणे

दरवर्षी ३ ऑगस्टच्या आसपास समाजमाध्यमांवर उत्तर इराकमधील यझिदी या छोट्या धार्मिक समाजाची आठवण निघते आणि आठवडाभरात विरून जाते. मराठीत ती ज्या रीतीने निघते ते पाहता, वाद घालणाऱ्यांपैकी कोणाला खुद्द यझिदींशी काही कर्तव्य आहे का, अशी शंका यावी. एक गट त्यांच्या पूजेतील मोराच्या प्रतिमा आणि समईसारख्या दिव्यांची छायाचित्रे फिरवून ‘हे मूळचे आपलेच’ असे सांगतो. त्याला यझिदी हवे असतात ते दुसऱ्या एका धर्माला झोडपण्यापुरते. दुसरा गट आपणही त्या झोडपण्यात सामील दिसू या धास्तीपायी गप्प बसतो, किंवा २००३ च्या अमेरिकी आक्रमणाकडे बोट दाखवून विषय मिटवतो. इराकमध्ये आणि युरोपात चालणारा वाद याहून गंभीर आहे, पण त्याचेही घोडे एका चुकीच्या प्रश्नावर अडले आहे: आधी खटले की आधी पुनर्वसन? माझ्या मते हा प्रश्नच खोटा आहे. वाचलेल्यांना मिळणारा आधार हे राज्यसंस्थेचे त्यांना असलेले देणे आहे आणि गुन्ह्याचा खटला हेही देणेच आहे. एक फेडले म्हणून दुसरे माफ होत नाही, आणि एक मिळवण्यासाठी दुसऱ्याची अट घालणे तर सर्वस्वी अन्यायाचे आहे.

काय घडले ते थोडक्यात सांगायला हवे, कारण ‘युद्धात असे होतेच’ हा शेरा माहितीच्या अभावातून येतो. ३ ऑगस्ट २०१४ च्या पहाटे आयसिसने उत्तर इराकमधील सिंजार भागावर हल्ला केला. संरक्षणाची जबाबदारी असलेले कुर्दी पेशमर्गा सैनिक लोकांना पुरेशी सूचना न देताच मागे हटले. हजारो कुटुंबे सिंजारच्या डोंगरावर चढली आणि ऐन ऑगस्टात पाण्यावाचून तेथे अडकली. १५ ऑगस्टला कोचो गावातील लोकांना शाळेत जमा करण्यात आले. पुरुषांना गावाबाहेर नेऊन गोळ्या घातल्या गेल्या, तरुण स्त्रिया आणि मुली वेगळ्या काढल्या गेल्या, आणि गुलाम म्हणून ज्यांना किंमत येणार नाही अशा वयस्कर बायकांनाही ठार करण्यात आले. सहा हजारांहून अधिक माणसे पळवली गेली. स्त्रियांची खरेदी-विक्री झाली, त्यांचे दर ठरले, व्यवहारांचे कागद झाले. लहान मुलग्यांना धर्म बदलायला लावून हाती बंदुका दिल्या गेल्या. यझिदी म्हणून जन्मलेला समाज यझिदी म्हणून उरूच नये, हा हेतू आयसिसने लपवला नव्हता. आपल्या मासिकात त्याचे धार्मिक समर्थनही छापले होते. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने जून २०१६ मध्ये हा वंशसंहार असल्याचे आणि तो अद्याप चालूच असल्याचे नमूद केले. पळवलेल्यांपैकी सुमारे २,६०० जणांचा आजही पत्ता नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका यझिदी तरुणीची सुटका झाली ती गाझामधून. पळवली गेली तेव्हा ती ११ वर्षांची होती, सुटली तेव्हा २१ वर्षांची.

आता विरोधी बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा घेऊ. शिक्षा तर झाल्याच आहेत, असे म्हटले जाते. इराकने डिसेंबर २०१७ मध्ये आयसिसवर विजय जाहीर केला, हजारो संशयितांवर खटले चालवले, अनेकांना फाशी दिली. याहून अधिक कठोर न्याय कोणता हवा? यातील वस्तुस्थिती मान्य करायलाच हवी: इराकने आरोपींना मोकळे सोडले असे कोणी म्हणू शकणार नाही, आणि इतक्या मोठ्या संख्येचे खटले कोणत्याही न्यायव्यवस्थेला झेपले नसते. पण हे खटले कशाचे होते? बहुतांश आरोप २००५ च्या दहशतवादविरोधी कायद्याखालचे, म्हणजे संघटनेचे सदस्यत्व किंवा तिला मदत. आयसिसचा स्वयंपाकी आणि यझिदी मुलगी विकत घेणारा माणूस यांच्यात या कायद्याला फारसा फरक दिसत नाही. सुनावणी अनेकदा काही मिनिटांत उरकते. जिच्यावर अत्याचार झाला तिला साक्षीला बोलावले जात नाही. निकालपत्रात तिचे नाव नसते, बलात्काराचा उल्लेख नसतो, गुलामीचा नसतो. गुन्हेगार फासावर जातो आणि त्याच्याबरोबर गुन्ह्याची नोंदही जाते. तिला पळवले कोणी, विकले कोणाला, तिची बहीण शेवटी कोणाच्या घरी होती, या प्रश्नांची उत्तरे त्याच्याजवळ होती आणि ती त्याला कोणी विचारलीच नाहीत.

हे इराकला नवे नाही, आणि म्हणूनच अधिक खटकते. सद्दाम हुसेनवर १९८८ च्या अन्फाल मोहिमेबद्दल, कुर्दांच्या वंशसंहाराबद्दल, ऑगस्ट २००६ पासून खटला चालू होता. तो चालू असतानाच ३० डिसेंबर २००६ रोजी दुजैल गावातील १४८ माणसांच्या हत्येबद्दल त्याला फाशी देण्यात आली. दुजैलच्या लोकांना न्याय मिळाला. परंतु ज्यांची हजारो माणसे अन्फालमध्ये मारली गेली त्या कुर्दांना सद्दामविरुद्धचा निकाल कधीच मिळाला नाही. त्याच खटल्यात जून २००७ मध्ये सद्दामचा चुलतभाऊ अली हसन अल-मजीद याला मात्र वंशसंहाराबद्दल दोषी ठरवले गेले. म्हणजे वंशसंहाराचा खटला चालवणे इराकी न्यायाधीशांना अशक्य नाही. तो त्यांनी चालवून दाखवला आहे. पण हे खटले ज्या विशेष न्यायाधिकरणात चालले त्याचा अधिकार १९६८ ते २००३ या काळातील गुन्ह्यांपुरता होता. इराकच्या नेहमीच्या दंडसंहितेत वंशसंहार हा गुन्हा नाही. उत्तर इराकमधील स्वायत्त कुर्दिस्तानच्या सरकारने आयसिसच्या गुन्ह्यांसाठी स्वतंत्र न्यायालयाचा प्रस्ताव आणला, तर २०२१ मध्ये बगदादच्या सर्वोच्च संघीय न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. घटनेच्या चौकटीत ते योग्य असेलही, पण मग घटनेत बसणारा कायदा करायला संसदेचे हात कोणी धरले होते? कुर्दांच्या वंशसंहारासाठी कायदा होऊ शकतो आणि यझिदींच्या वंशसंहारासाठी होऊ शकत नाही, याला अडचण म्हणत नाहीत, अनास्था म्हणतात.

याच्या उलट फ्रँकफर्टमध्ये काय झाले ते पाहण्याजोगे आहे. आयसिसच्या एका इराकी सदस्याने एक यझिदी आई आणि तिची पाच वर्षांची मुलगी गुलाम म्हणून विकत घेतली होती. २०१५ च्या उन्हाळ्यात फल्लुजामधील घरी मुलीने अंथरूण ओले केले म्हणून त्याने तिला शिक्षा दिली: भर उन्हात, पन्नास अंशांच्या आसपासच्या उष्म्यात, बाहेरून खिडकीच्या गजाला बांधून ठेवले. त्यातच ती मेली. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी जर्मन न्यायालयाने त्याला वंशसंहाराबद्दल जन्मठेप दिली. यझिदींवरील अत्याचारांना वंशसंहार ठरवणारा तो जगातील पहिला निकाल. त्याच्या जर्मन पत्नीलाही म्युनिकमध्ये शिक्षा झाली. दोन्ही खटल्यांत मुलीच्या आईने दिवसच्या दिवस साक्ष दिली, उलटतपासणी सोसली. त्या न्यायालयात एका मुलीचा मृत्यू तिच्या नावाने, जागेसह, कारणासह नोंदवला गेला; आणि तिला का मारले या प्रश्नाला ‘ती यझिदी होती म्हणून’ हे उत्तर कायद्याने दिले. फाशीच्या दहा मिनिटांच्या खटल्यांतून हे निघू शकले असते काय?

यावर आक्षेप येतो की परक्या देशात, परक्या भाषेत चाललेले मूठभर खटले म्हणजे यझिदींचा न्याय नव्हे. स्टॉकहोमच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये एका स्वीडिश स्त्रीला वंशसंहाराबद्दल दोषी ठरवले, नेदरलँड्समध्येही गुलामीबद्दल शिक्षा झाली. पण हे देश मुख्यतः आपापल्या परतलेल्या नागरिकांपुरते पाहतात. एकच साक्षीदार तीच कहाणी पोलिसांना, तपासनिसांना, पत्रकारांना, मग आणखी एका देशाच्या वकिलांना सांगत राहते. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष काय? खटले थांबवा हा, की खटले जिथे व्हायला हवेत तिथे, इराकमध्ये, नीट व्हावेत हा? सुरक्षा परिषदेने २०१७ मध्ये ठराव क्रमांक २३७९ करून पुरावे गोळा करण्यासाठी खास पथक नेमले होते. त्याने सामूहिक दफनस्थळे उकरली, कागदपत्रे डिजिटल केली, साक्षी घेतल्या. इराकच्याच आग्रहाने सप्टेंबर २०२४ मध्ये ते गुंडाळले गेले. फाशी देणाऱ्या न्यायालयांच्या हाती सगळा पुरावा द्यायचा की नाही, यावर इराक आणि संयुक्त राष्ट्रे यांचे जमले नाही. इथेही वाद तत्त्वांचा झाला आणि तोशीस लागली ती साक्षीदारांना.

आता आधाराकडे वळू. १ मार्च २०२१ रोजी इराकी संसदेने यझिदी सर्व्हायव्हर्स कायदा, म्हणजे वाचलेल्यांसाठीचा कायदा, मंजूर केला आणि त्याचे श्रेय मोकळेपणाने द्यायला हवे. युद्धातील लैंगिक अत्याचारांबद्दल भरपाईचा इतका स्पष्ट कायदा करणारे देश थोडे आहेत. दरमहा ८ लाख दिनार, म्हणजे सुमारे ६०० डॉलर, जमिनीचा तुकडा, शिक्षणात सवलत, सरकारी नोकऱ्यांत २ टक्के जागा, मानसोपचार, आणि ३ ऑगस्ट हा स्मृतिदिन. यझिदी स्त्रियांबरोबर तुर्कमेन, ख्रिस्ती आणि शबाक समाजांतील स्त्रियांनाही त्यात स्थान आहे. ‘मोसुलच्या सुन्नींनी सोसले नाही का, स्पायकर या लष्करी छावणीत आयसिसने मारलेल्या शिया कॅडेटांच्या आयांचे काय, मग यझिदींचेच लाड का?’ असे विचारणाऱ्यांनी हे आधी वाचावे. त्यांच्या प्रश्नातील दुःख खरे आहे. ज्यांना कायद्याने सामावलेले नाही त्यांच्यासाठी तो रुंदावा, हे म्हणणे रास्तच. पण दुसऱ्याचे ताट रिकामे आहे म्हणून पहिल्याचेही काढून घ्या, हा युक्तिवाद कोणत्या न्यायात बसतो?

या कायद्याची खरी गफलत दुसरीकडेच आहे. अर्जांची छाननी करणाऱ्या समितीने पुढे अट घातली की अर्जदार स्त्रीने फौजदारी तक्रार नोंदवून तपासाचे कागद जोडावेत. कायद्यात ही अट नव्हती. सार्वजनिक पैसा वाटताना शहानिशा हवी, खोटे दावे रोखायला हवेत, हे कोण नाकारील? आपल्याकडे अनुदानाच्या याद्यांत काय काय घुसते ते आपण पाहतोच. पण पळवलेल्यांच्या नोंदी कुर्दिस्तानातील दुहोक शहराच्या सुटका कार्यालयाकडे वर्षानुवर्षे आहेत आणि यझिदी संस्थांकडेही आहेत. असे असताना छावणीत राहणाऱ्या बाईने पोलीस ठाण्याची पायरी चढावी, अनोळखी पुरुष अधिकाऱ्यासमोर पुन्हा सगळे सांगावे, जबाबाची प्रत मिळवण्यासाठी हेलपाटे घालावेत, आणि मगच तिच्या हक्काचे पैसे सुटावेत? वर उल्लेखलेला खोटा प्रश्न इथे प्रत्यक्ष छळाचे रूप घेतो. खटल्यासाठी साक्ष द्यायची की नाही हा तिचा निर्णय असायला हवा. भाकरीसाठी तिला साक्षीदार केले की साक्षही बिघडते आणि भाकरीही कडू होते.

पैसे घेतले म्हणजे न्यायावरचा हक्क सोडला, ही भीती दुसऱ्या टोकाला आहे आणि तिचाही इतिहास आहे. ज्यूंच्या वंशसंहारानंतर पश्चिम जर्मनीशी भरपाईचा करार करण्याची चर्चा जानेवारी १९५२ मध्ये इस्रायलच्या संसदेत आली तेव्हा जेरुसलेममध्ये दगडफेक झाली. हा रक्ताचा पैसा आहे, तो घेणे म्हणजे माफी देणे, असे विरोधी नेते मेनाखेम बेगिन गर्जत होते. करार झाला, पैसे आले, आणि नऊ वर्षांनी त्याच जेरुसलेममध्ये त्या वंशसंहाराचा एक सूत्रधार, नाझी अधिकारी आयकमन, याच्यावर खटला उभा राहिला. पैशाने न्यायालयाचे दार बंद झाले नाही. ते बंद करण्याचा प्रयत्न कसा दिसतो ते पाहायचे तर २०१५ चा जपान आणि दक्षिण कोरियाचा करार पाहावा. जपानी सैन्याने लैंगिक गुलामीत ढकललेल्या स्त्रियांसाठी १ अब्ज येन देऊन प्रश्न ‘कायमचा मिटला’ असे दोन सरकारांनी परस्पर ठरवले. हयात असलेल्या वृद्धांना विचारलेसुद्धा नाही. त्यातील काहींनी तो करार धुडकावला आणि काही वर्षांत कोरियाने त्यासाठीची संस्थाच मोडीत काढली. दोन्हींत पैसा होताच. फरक पडला तो पैशाबरोबर तोंड बंद ठेवण्याची अट होती की नव्हती याने.

कायमचा आधार माणसांना परावलंबी करतो, असेही म्हटले जाते, आणि छावण्यांकडे पाहिले तर ते उगाच वाटत नाही. दुहोकच्या परिसरातील तंबूंत जन्मलेली मुले आता शाळेत जातात. कोणीही आयुष्यभर तंबूत राहू नये. पण इराक सरकारने ३० जुलै २०२४ ही छावण्या बंद करण्याची तारीख लावली आणि परतणाऱ्या कुटुंबाला ४० लाख दिनार देऊ केले, तेव्हा परतायचे कुठे याचा विचार झाला होता का? ऑक्टोबर २०२० च्या सिंजार करारात बगदादचे केंद्र सरकार आणि अर्बिलचे कुर्दिस्तान सरकार यांनी सशस्त्र गट हटवण्याचे, स्थानिक पोलीस उभे करण्याचे आणि पुनर्बांधणीचे वचन दिले होते. ते बहुतांशी कागदावरच राहिले. अधूनमधून तुर्कस्तानचे हवाई हल्ले होत आले. घरे पडलेली, आणि गावाशेजारी दफनस्थळे, ज्यांतील सगळी अजून उकरलेलीही नाहीत. अशा गावी ४० लाख दिनार घेऊन जा म्हणणे याला पुनर्वसन म्हणत नाहीत, बोळवण म्हणतात. परावलंबन तुटते ते घर, जमीन, शाळा, दवाखाना आणि सुरक्षितता यांनी. आणि दीर्घकालीन आधार म्हणजे नेमके हेच. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने २०१५ पासून खास योजनेखाली सुमारे एक हजार स्त्रिया-मुलांना नेले, त्यांना उपचार आणि निवारा दिला. त्यातच नादिया मुराद होत्या, ज्यांना पुढे २०१८ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. तोच देश, ज्याच्या संसदेने जानेवारी २०२३ मध्ये एकमताने वंशसंहार मान्य केला, त्याच वर्षापासून इतर यझिदी निर्वासितांना इराकमध्ये परत पाठवू लागला. ठराव एका खात्याचा आणि विमानाचे तिकीट दुसऱ्या खात्याचे, असा हा कारभार.

सर्वांत अवघड प्रश्न मुलांचा आहे आणि त्यावर सगळेच पक्ष गप्प राहणे पसंत करतात. बंदिवासात, बलात्कारातून जन्मलेल्या मुलांचा सर्व्हायव्हर्स कायद्यात उल्लेख नाही. इराकच्या ओळखपत्राच्या कायद्याप्रमाणे मुस्लिम पित्याचे मूल मुस्लिम म्हणूनच नोंदले जाते. यझिदी धर्मगुरू बाबा शेख खुर्तो हाजी इस्माईल यांनी हल्ल्यानंतर सुटून आलेल्या स्त्रियांना समाजात परत घेतले, त्या पूर्वीइतक्याच पवित्र आहेत असे जाहीर केले. शतकानुशतके बाहेरच्याशी संबंध आला की समाजातून तोडणाऱ्या परंपरेत हे फार मोठे पाऊल होते. पण एप्रिल २०१९ मध्ये धर्मपरिषदेने मुलांनाही स्वीकारण्याची तयारी दाखवली आणि विरोध होताच काही दिवसांत माघार घेतली. परिणाम असा की अनेक आयांपुढे मूल किंवा माहेर यांतील एकच पर्याय उरला. काहींनी मूल अनाथालयात सोडले. काही मुलासाठी सीरियातल्या छावण्यांतच राहिल्या, स्वतःची यझिदी ओळख लपवून.

समाजाच्या भीतीचा मी अनादर करत नाही. ज्याला नुकतेच संपवण्याचा प्रयत्न झाला, तो मारेकऱ्यांच्या वंशाचे नाव आपल्या घरात घ्यायला कचरतो, हे समजण्याजोगे आहे. पण ‘समाजाचा अंतर्गत प्रश्न’ म्हणून बाहेरच्यांनी हात झटकावेत हे मला पटत नाही, कारण बाईला न विचारता इभ्रतीचा निर्णय घेणे आपण एकदा केले आहे. फाळणीनंतर १९४९ मध्ये भारताने अपहृत व्यक्तींच्या सुटकेचा कायदा केला. त्यात कोणत्याही वयाची स्त्री बसत होती, पोलिसांना वॉरंटाशिवाय तिला ताब्यात घेता येत होते, आणि तिला जायचे आहे की राहायचे आहे या प्रश्नाला त्यात महत्त्वच नव्हते. हजारो स्त्रिया परत आणल्या गेल्या. अनेकींना मुले मागे सोडावी लागली. हेतू चांगला होता, मृदुला साराभाईंसारखी माणसे त्यात मनापासून झटली. तरीही दोन राष्ट्रांच्या आणि दोन समाजांच्या इभ्रतीच्या हिशेबात त्या बायकांची इच्छा कुठे नोंदलीच गेली नाही. तोच हिशेब सिंजारमध्ये पुन्हा मांडला जातो आहे. इराकने करायची गोष्ट समाजाच्या श्रद्धेत हस्तक्षेपाची नाही: आईला मुलाची नोंद स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या धर्माने करण्याचा हक्क द्यायचा आहे, आणि समाजाबाहेर राहायचे ठरवले तरी तिचे मासिक वेतन आणि घर तिच्यापासून हिरावले जाणार नाही याची हमी द्यायची आहे.

पैसा कुठून आणायचा, असा व्यवहारी प्रश्न राहतो. इराक तेल विकतो, त्याच्या अर्थसंकल्पात ही रक्कम मोठी नाही. तरी सगळा भार त्याच्यावर का? फ्रेंच सिमेंट कंपनी लाफार्जने सीरियातील आपला कारखाना चालू राहावा म्हणून आयसिसला पैसे दिल्याचे ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात कबूल केले आणि सुमारे ७७.८ कोटी डॉलरचा भुर्दंड मान्य केला. हा पैसा गेला अमेरिकी तिजोरीत. ज्यांच्या रक्तावर तो उभा होता त्यांना स्वतंत्र दावा करावा लागला, आणि तो करू शकले ते अमेरिकी नागरिक झालेले यझिदी. दुहोकजवळच्या खानके छावणीतील विधवेला न्यूयॉर्कचे न्यायालय परवडणार नाही. जप्तीतला ठरावीक वाटा बळींच्या निधीत जावा, यासाठी वेगळे तत्त्वज्ञान लागत नाही.

आणि आपण? २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण आयसिससाठी इराकला गेल्याचे मराठी वाचकांना आठवत असेल; एक परतला तेव्हा त्याच्यावर आरोप ठेवले गेले ते दहशतवादी कृत्यांचे. उद्या एखादा भारतीय सिंजारच्या बाजारात मुलगी विकत घेणारा निघाला, तर त्याच्यावर वंशसंहाराचा खटला भारतात चालवता येणार नाही. भारताने आणि इराकने वंशसंहारविरोधी कराराला एकाच वर्षी, १९५९ मध्ये, मान्यता दिली आणि दोघांनीही आजतागायत त्यासाठीचा सर्वसाधारण कायदा केला नाही. १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडात सज्जन कुमार यांना ३४ वर्षांनी जन्मठेप देताना, डिसेंबर २०१८ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने हीच उणीव नोंदवून ती तातडीने दूर करायला सांगितले होते. त्यानंतर भारतीय न्याय संहिता नव्याने लिहिली गेली आणि ती जागा तशीच कोरी राहिली. मोर आणि समया दाखवून यझिदींना आपले म्हणणाऱ्यांना खरेच काही करायचे असेल, तर मागणी करायला एवढा विषय पुरेसा आहे.

हे सारे किती वर्षे चालायचे, असे विचारले जाते तेव्हा त्यात कंटाळा ऐकू येतो. उत्तर हिशेबाने देता येते. १९५२ च्या करारानंतर सुरू झालेली जर्मनीची भरपाई सत्तरहून अधिक वर्षांनंतरही हयात असलेल्यांना मिळते आहे आणि त्यामुळे जर्मनी बुडालेला नाही. सिंजारमध्ये २०१४ साली दहा वर्षांची असलेली मुलगी २०६४ साली साठीची होईल. तिचे वेतन, तिचे उपचार आणि तिच्या हरवलेल्या भावंडांचा शोध यांची तरतूद दरवर्षीच्या अर्थसंकल्पाच्या मर्जीवर न सोडता किमान त्या वर्षापर्यंतची कायद्याने बांधून ठेवायला हवी.